एकाच नावाचे दोन कलावंत: वेगळे कसे ओळखायचे, वेगळे कसे ठेवायचे

काही वर्षांपूर्वी एका संदर्भग्रंथाच्या नामसूचीचं काम माझ्याकडे होतं. त्यात नाव आणि आडनाव दोन्ही तंतोतंत सारखं असलेले दोघे होते. एक पुस्तकांची मुखपृष्ठं करणारे, दुसरे निसर्गचित्रं रंगवणारे. मी दोघांना एकच माणूस समजले आणि एका नोंदीत बसवलं. निसर्गचित्रकार तोवर वारले होते, त्यामुळे नोंदीत मृत्यूचं सालही आलं. ग्रंथ छापून झाल्यावर मुखपृष्ठकारांच्या मुलीचा फोन आला. ती रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "बाबा इथे माझ्या शेजारी बसून पेपर वाचतायत. तुम्ही काय छापलंय ते त्यांनी अजून पाहिलेलं नाही."

त्या दिवसापासून मी कामाची पद्धत बदलली. तीच इथे पायरीपायरीने मांडते आहे. सूची, स्मरणिका, कार्यक्रमपत्रिका, चरित्रलेख, ध्वनिमुद्रणांचा संग्रह, जिथे कलावंताचं नाव लिहावं लागतं तिथे ती उपयोगी पडते. ज्यांचं स्वतःचंच नाव दुसऱ्या कलावंताशी जुळतं, त्यांच्यासाठीही शेवटी थोडं लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. दोन नोंदी वेगळ्या ठेवल्या आणि नंतर कळलं की माणूस एकच होता, तर त्या जोडायला पाच मिनिटं लागतात. एकत्र झालेल्या नोंदी सोडवायच्या तर प्रत्येक काम, प्रत्येक तारीख, प्रत्येक छायाचित्र नव्याने तपासावं लागतं. तोवर ती चूक चार ठिकाणी उतरवून घेतली गेलेली असते. म्हणून खात्री होईपर्यंत वेगळं ठेवायचं.

पहिली पायरी: खटकायला हवं ते खटकू द्या

नावाची गल्लत स्वतःहून समोर येत नाही. यादी नीट लागलेली दिसते, आणि म्हणूनच ती फसवते. मी कुठल्याही कलावंताची कामांची यादी हाती आली की प्रत्येक कामासमोर त्या वर्षीचं त्याचं वय पेन्सिलीने लिहिते. नवव्या वर्षी प्रमुख भूमिका, मृत्यूनंतर सहा वर्षांनी नवं ध्वनिमुद्रण, असं काही निघालं की तिथे खूण करायची. मृत्यूनंतरचं प्रकाशन खरंही असू शकतं, पण ते तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. वयाखेरीज आणखी दोन गोष्टी बघते: भाषा किंवा माध्यम अचानक बदललंय का, आणि एकाच काळात माणूस दोन दूरच्या ठिकाणी काम करताना दिसतोय का.

याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण शशी कपूर यांचं (१९३८–२०१७). ते लहानपणी पडद्यावर आले तेव्हा त्याच नावाचा आणखी एक बालकलाकार पौराणिक चित्रपटांत काम करत होता. म्हणून श्रेयनामावलीत यांचं नाव 'शशिराज' असं दिलं जाई. आता कुणी त्यांची चित्रपटसूची करायला बसलं आणि 'शशी कपूर' एवढंच शोधलं, तर दोन्हीकडून फसगत होते. दुसऱ्या मुलाचे पौराणिक चित्रपट यांच्या खात्यावर चढतात, आणि 'शशिराज' नावाने केलेलं यांचं काम सुटून जातं. एखाद्या यादीत नको ते आलेलं दिसलं, की हवं ते गळलंय का हेही त्याच बैठकीत बघावं.

दुसरी पायरी: नाव सारखं का आहे, ते शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या अनुभवात निम्मा गुंता इथेच सुटतो, कारण साम्याचं कारण कळलं की पुरावा कुठे शोधायचा ते कळतं.

निव्वळ योगायोग असेल तर काम सोपं असतं. अमेरिकन अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन (१९३०–१९८०) आणि ब्रिटिश दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन (जन्म १९६९) यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अभिनेते गेले तेव्हा दुसरे अकरा वर्षांचे होते. साल पाहिलं की प्रश्न मिटतो.

घराण्यातलं नाव असेल तर मात्र दमाने घ्यावं लागतं. थोरले अलेक्झांद्र द्युमा (१८०२–१८७०) आणि धाकटे (१८२४–१८९५) दोघेही कादंबरीकार आणि दोघेही नाटककार. मायकेलअँजेलो बुओनारोती (१४७५–१५६४) यांच्या कविता १६२३ मध्ये ग्रंथरूपाने आल्या, त्या त्यांच्या भावाच्या नातवाने संपादित केल्या होत्या, आणि या नातवाचं नावही मायकेलअँजेलो बुओनारोतीच. तो स्वतः कवी होता. त्याने पुरुषाला उद्देशून लिहिलेल्या ओळी बदलून स्त्रीला उद्देशून केल्या. मूळ पाठ १८६३ च्या आवृत्तीत परत आला. म्हणजे त्या पुस्तकातली एखादी ओळ उद्धृत करताना 'मायकेलअँजेलो म्हणतो' असं लिहिलंत, तर दोघांपैकी कोण म्हणतो हा प्रश्न खराखुरा उभा राहतो.

तिसरा प्रकार परंपरेने पुढे जाणाऱ्या नावांचा. जपानी काबुकी रंगभूमीवर इचिकावा दांजुरो हे नाव पिढ्यान्‌पिढ्या दिलं जातं, तेरावे दांजुरो २०२२ मध्ये झाले. जपानी ठसाचित्रांतही तसंच. उतागावा कुनिसादा (१७८६–१८६५) यांनी १८४४ मध्ये आपले गुरू तोयोकुनी यांचं नाव घेतलं आणि सही करताना स्वतःला 'दुसरे तोयोकुनी' म्हटलं. पण गुरूंच्या निधनानंतर तोयोशिगे नावाचे दुसरे शिष्य ते नाव आधीच वापरत होते. त्यामुळे अभ्यासक आज कुनिसादांना तिसरे तोयोकुनी म्हणतात. चित्रावर 'दुसरे' आणि सूचीत 'तिसरे', आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर! अशा वेळी चित्रावर काय आहे आणि सूचीत काय आहे, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहायचं. एकाच्या आधारे दुसरं 'दुरुस्त' करायचं नाही.

आदरापोटी ठेवलेली नावंही असतात. गझलगायक गुलाम अली यांचं नाव वडिलांनी बडे गुलाम अली खाँ (१९०२–१९६८) यांच्यावरून ठेवलं, आणि पुढे ते त्यांचेच शिष्य झाले. संगीतात 'बडे' आणि 'छोटे' ही विशेषणं अशाच गरजेतून येतात. ती अलंकार समजून गाळू नयेत, नाव वेगळं ठेवण्याचं काम तीच करतात. याच्या उलट टोकाला पदव्या. बालगंधर्व, सवाई गंधर्व आणि कुमार गंधर्व यांच्या नावांतलं 'गंधर्व' हे आडनाव नाही. सूचीत तिघांना 'गंधर्व' या शब्दाखाली एका घरातल्यासारखं मांडलं, की नवख्या वाचकाला ते नातेवाईक वाटतात. त्यांची मूळ नावं, अनुक्रमे नारायण श्रीपाद राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर आणि शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, शेजारी द्यायलाच हवीत.

जुन्या काव्यात कवीची नाममुद्रा ओळीतच येते, आणि तिथे गल्लत शतकानुशतकं टिकते. संत नामदेवांच्या (१२७०–१३५०) गाथेत 'नामा' ही मुद्रा असलेल्या, पण सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना मिसळलेल्या आहेत. अशा ठिकाणी भाषेचं वळण, शब्दांची रूपं आणि हस्तलिखितांचा काळ पाहूनच निवाडा होतो. नाव काहीच मदत करत नाही.

आणि लिपीमुळे पडणारी गाठ. ती आपल्याला विशेष भोवते, कारण आपण परकी नावं देवनागरीत उतरवतो. हिंदी पडद्यावरचे राज कुमार (१९२६–१९९६) रोमन लिपीत 'राज' लिहिताना दोनदा 'ए' लिहीत. कन्नडचे डॉ. राजकुमार (१९२९–२००६) एकदाच. राजकुमार राव यांच्या स्पेलिंगमध्ये दोन 'एम' आहेत. देवनागरीत हे सगळे फरक पुसले जातात. फ्रेंच चित्रकार माने (१८३२–१८८३) आणि मोने (१८४०–१९२६) यांच्यात तर आपल्याकडे एका मात्रेचाच फरक उरतो. अर्थात त्यांच्या काळात, त्यांच्या लिपीतही घोटाळा झालाच होता. १८६५ च्या पॅरिसच्या सलोन प्रदर्शनात मोनेच्या समुद्रचित्रांबद्दल लोक मानेचं अभिनंदन करत होते, आणि माने चिडला होता. म्हणून परकं नाव नोंदवताना मूळ लिपीतलं स्पेलिंग तुमच्या टिपणात जसंच्या तसं ठेवा. छापताना हवं तर देवनागरी छापा.

तिसरी पायरी: प्रत्येकाचं वेगळं कार्ड

कागदी असो वा संगणकातलं, एका माणसाला एक कार्ड. त्यावर काय काय असावं हे तक्त्याने सांगण्यापेक्षा एक जोडी प्रत्यक्ष मांडून दाखवते.

योहान स्ट्राउस, पिता (१८०४–१८४९) आणि पुत्र (१८२५–१८९९). दोघे व्हिएन्नाचे, दोघे वॉल्ट्झ रचणारे, दोघांचे स्वतःचे वाद्यवृंद. मुलाने १८४४ मध्ये पदार्पण केलं, म्हणजे पाच वर्षं दोघेही एकाच शहरात एकाच नावाने वाजवत होते. त्या पाच वर्षांतल्या जाहिरातीत नुसतं 'स्ट्राउस' लिहिलेलं असेल, तर जन्ममृत्यूची सालं उपयोगाची नाहीत. मग काय उपयोगी पडतं? रचनांना दिलेले ओपस क्रमांक. 'राडेट्स्की मार्च' (१८४८) हा वडिलांचा ओपस २२८. 'निळी डॅन्यूब' मुलाचा ओपस ३१४, आणि ती १८६७ मध्ये प्रथम सादर झाली. पण इथे पाय घसरू शकतो: क्रमांकांची मालिका दोघांची स्वतंत्र आहे. मुलाचाही एक ओपस २२८ आहे. त्यामुळे माझ्या कार्डावर क्रमांक कधीच एकटा नसतो. 'पिता, ओ. २२८, १८४८' असा तिन्हींचा जोड असतो. पुढे नातवंडांत आणखी एक योहान स्ट्राउस (१८६६–१९३९) निघाले, तेही संगीतातच, म्हणून तिसरं कार्ड. रिचर्ड स्ट्राउस हे नात्यातले नाहीत, तेवढी एक ओळ तिन्ही कार्डांच्या तळाशी लिहून ठेवली आहे.

कार्डावरच्या प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली तेही लिहावं. आज आठवतं, दोन वर्षांनी आठवत नाही.

चौथी पायरी: मोठ्या नोंदवह्या, आणि त्यांच्यावर किती विसंबायचं

सारख्या नावांच्या त्रासातूनच जगभरच्या नामनोंदवह्या उभ्या राहिल्या. 'आयएसएनआय' ही निर्मात्यांना सोळा अंकी क्रमांक देणारी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. लेखक, संगीतकार, अभिनेते, कुणालाही तो मिळू शकतो. 'व्हीआयएएफ' मध्ये अनेक देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नामनोंदी एकत्र दिसतात. दृश्यकलेसाठी गेटी संस्थेची 'युलॅन' ही कलावंतांची यादी चांगली आहे. चित्रपटांसाठी 'आयएमडीबी' वर प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र क्रमांक असतो आणि सारख्या नावांपुढे रोमन आकडे लागतात. ध्वनिमुद्रिकांच्या 'डिस्कॉग्स' वर नावापुढे कंसात आकडा येतो. हे आकडे थोरवी दाखवत नाहीत, माणसं वेगळी ठेवतात इतकंच. मराठी विकिपीडियावर अशा नावांसाठी निःसंदिग्धीकरणाची, म्हणजे एकाच नावाच्या नोंदी वेगवेगळ्या करून दाखवणारी, पानं असतात, सुरुवात तिथून केली तरी चालते.

नाव शोधून थांबू नका, क्रमांक उतरवून घ्या. नाव बदलतं, स्पेलिंग बदलतं, क्रमांक सहसा टिकतो.

पण या नोंदवह्या बऱ्याचदा एकमेकींकडून माहिती घेतात, आणि काही ठिकाणी जुळवणी यंत्रच करतं. पाच संकेतस्थळांवर एकच जन्मसाल दिसलं म्हणजे पाच साक्षीदार मिळाले असं धरू नका. बहुतेकदा साक्षीदार एकच असतो आणि बाकीचे चार त्याचं ऐकून सांगत असतात. कुठली नोंद सर्वांत जुनी, आणि तिने आधार काय दिला आहे, हे पाहा. आधार दिलेला नसेल तर ते साल कार्डावर पेन्सिलीनेच लिहा.

पाचवी पायरी: कलाकृतीपाशी परत जा

शेवटचा शब्द शक्यतो कलाकृतीचा असावा: मुखपृष्ठाच्या आतलं पान, ध्वनिमुद्रिकेचं लेबल, पडद्यावरची श्रेयनामावली, चित्राची पाठ, सही.

सहीत किती दडलेलं असतं ते ब्रुगेल घराण्यात दिसतं. थोरले पीटर ब्रुगेल यांनी १५५९ च्या सुमारास आपल्या नावातलं 'एच' हे अक्षर गाळलं. मुलाने, धाकट्या पीटरने (१५६४–१६३८), ते परत घेतलं. शिवाय १६१६ नंतर त्याने सहीतल्या 'यू' आणि 'ई' या अक्षरांची अदलाबदल केली. त्याने वडिलांच्या चित्रांच्या कितीतरी प्रतिकृती केल्या, त्यामुळे विषय आणि रचना पाहून फसायला होतं. सहीतली दोन अक्षरं मात्र चित्र कुणाचं आणि साधारण केव्हाचं, याकडे बोट दाखवतात. सही खोटीही असू शकते. म्हणून ती बाकी पुराव्यांशी ताडून पाहायची, पण पाहायची नक्की.

कलावंत हयात असतील तर सरळ त्यांनाच विचारा. मला सुरुवातीला संकोच वाटायचा. पण आजवर कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही. उलट 'तो मी नव्हे' हे वर्षानुवर्षं सांगून थकलेल्या माणसाला कुणीतरी आधी विचारलं याचंच बरं वाटतं. प्रश्न मात्र नेमका हवा. 'तुमची कामं सांगा' असं न विचारता 'अमुक साली अमुक संस्थेने काढलेलं हे काम तुमचंच का' असं विचारा.

एवढं करूनही काही कामं कुणाची ते ठरत नाही. त्यांच्यासाठी तिसरं कार्ड: 'अनिर्णित'. ते रिकामं नसलं तर लाज वाटायचं कारण नाही.

सहावी पायरी: लिहिताना फरक दिसू द्या

ओळखलं आणि लिहिताना पुन्हा घोटाळा केला, असं खूप होतं. पहिल्या उल्लेखातच ओळख पटेल असं लिहा आणि पुढे सगळीकडे तोच शब्द धरा. नावापुढचं विशेषण निवडताना एकच कसोटी लावा: हे विशेषण दुसऱ्यालाही लागू पडतं का? 'चित्रपटसृष्टीतले स्टीव्ह मॅक्वीन' दोघेही आहेत. एलिझाबेथ टेलर नावाची कादंबरीकार (१९१२–१९७५) आणि अभिनेत्री (१९३२–२०११), दोघींचा जन्म इंग्लंडचा, म्हणून देशाने भागत नाही. व्यवसाय सांगावा लागतो. व्हेनेसा विल्यम्स नावाच्या दोघी अमेरिकन, दोघी अभिनेत्री, दोघींचं जन्मसालही १९६३. तिथे साल, देश, व्यवसाय सगळंच निकामी. मग गायिकाही असलेल्या व्हेनेसा एल. विल्यम्स यांच्या नावातलं ते 'एल.' जपावं लागतं.

'प्रसिद्ध', 'ज्येष्ठ', 'नवोदित' ही विशेषणं ओळख म्हणून वापरू नका. ती पाच वर्षांत शिळी होतात आणि दुसऱ्यावर अन्याय करतात. मराठीत 'थोरले' आणि 'धाकटे' ही जोडी मात्र उत्तम आहे, पितापुत्रांसाठी मी तीच वापरते. छायाचित्राखालच्या ओळीत साल आणि प्रसंग द्या. चुकीचा चेहरा छापला जाणं ही सगळ्यांत जास्त दुखावणारी चूक असते.

तुमचंच नाव जुळत असेल तर

पहिलं श्रेय छापलं जाण्याआधी शोध घ्या, नंतर नाव बदलणं जड जातं. काय करता येतं, याची उदाहरणं भरपूर आहेत. मायकेल कीटन यांचं खरं नाव मायकेल डग्लस. ते नाव आधीच एका अभिनेत्याचं होतं, म्हणून त्यांनी आडनाव बदललं. डेव्हिड जोन्स हे डेव्हिड बोवी झाले, कारण 'मंकीज' या संगीतगटात डेव्ही जोन्स होते. एमिली स्टोन या एमा स्टोन झाल्या. आलिया अडवाणी यांनी आलिया भट आधीच पडद्यावर असल्यामुळे कियारा हे नाव घेतलं. मायकेल जे. फॉक्स यांनी एक अक्षर वाढवलं, आणि ते त्यांच्या मधल्या नावाचंही नाही. मधलं नाव अँड्र्यू आहे.

मला सर्वांत आवडतो तो चर्चिल यांचा मार्ग. १८९९ मध्ये ब्रिटिश विन्स्टन चर्चिल यांना कळलं की अमेरिकेत याच नावाचे कादंबरीकार (१८७१–१९४७) आहेत, आणि त्या वेळी तेच अधिक वाचले जात होते. चर्चिल यांनी त्यांना पत्र लिहिलं आणि आपण यापुढे लेखनावर 'स्पेन्सर' हे नावही घालू असं कळवलं. पुढे १९५३ चं साहित्याचं नोबेल त्यांनाच मिळालं, तरी पुस्तकांवरचा तो 'एस.' गेला नाही. समोरच्या माणसाला विश्वासात घेऊन केलेला बदल टिकतो. तुमचा नामबंधू हयात असेल तर एक पत्र लिहाच.

बाकी व्यवहाराचं. देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत एकच रूप ठरवा आणि करारापासून भित्तिपत्रकापर्यंत तेच वापरा. संगीत करत असाल तर गाणं वितरकाकडे चढवताना नावाबरोबर तुमच्या कलावंत-पानाचा ओळखक्रमांक द्या, कारण नुसत्या नावावर जुळवणी झाली की गाणं दुसऱ्याच्या पानावर जाऊन बसतं. प्रकाशनाच्या दिवशी स्वतः बघा. रॉयल्टीच्या संस्थेकडे हक्कधारकाचा 'आयपीआय' क्रमांक असतो, तो प्रत्येक नोंदीत आहे ना हे तपासा. श्रेय चुकलं की मानधनही चुकीच्या माणसाकडे जाऊ शकतं.

चूक झालीच तर

दुरुस्ती करताना दोन्ही कलावंतांची नावं, सालं आणि कामं पूर्ण लिहा. नुसतं 'नजरचुकीने' म्हणून सोडू नका. आणि नोंदीच्या तळाशी कायमची टीप ठेवा की हे ते नव्हेत, आणि ते कशावरून. ती टीप नसेल तर काही वर्षांनी कुणीतरी भला माणूस दोन सारखी नावं पाहतो आणि 'दुबार नोंद' समजून पुन्हा एक करून टाकतो.

माझ्या त्या दोघांच्या नोंदींखाली आता अशी टीप आहे. ती लिहिण्यासाठी मी मुखपृष्ठकारांच्या घरी गेले होते. त्यांनी कपाटातून जुनी पुस्तकं काढली आणि कोपऱ्यातली सही दाखवली. अक्षरं सुटी, वर शिरोरेषा नाही. निसर्गचित्रकार सहीवर शिरोरेषा ओढत, शेवटच्या अक्षराच्याही पुढे थोडी जास्तच. दोन्ही सह्या माझ्या फाइलमध्ये पहिल्यापासून होत्या, एकाच पानावर, एकाखाली एक. टिपेत मी तेवढंच लिहिलं: 'मुखपृष्ठांवरील सहीस शिरोरेषा नाही.'